असईचं सैन्य दीड वर्ष कपाटावर: एका अडकलेल्या पेंटिंग प्रोजेक्टची पूर्ण केस

फिगर, म्हणजे छोटे खेळण्यातले सैनिक, विकत घ्यायला हुरूप कधीच कमी पडत नाही, कमी पडतो तो रंगवायला. वॉरगेमिंग, म्हणजे असे सैनिक मांडून टेबलावर लढाया खेळणं, करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कपाटात एक ढीग असतो, ब्रिटनमधली जुनी मंडळी त्याला शिशाचा डोंगर म्हणतात कारण त्यांच्या काळी फिगर शिशाच्या असायच्या, हल्लीचे वॉरहॅमरवाले (गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा काल्पनिक सैन्यांचा गेम) पाइल ऑफ शेम, लाजेचा ढीग, म्हणतात. आणि मोटिव्हेशन कसं टिकवायचं असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात, रोज थोडं थोडं कर, पॉडकास्ट लावून बस, नवा ब्रश घे. उत्तरं चुकीची नाहीत पण फारच ढोबळ आहेत. म्हणून इथे एकच केस नीट उलगडून सांगतो. आमच्या ग्रुपमधला मित्र आहे, पुण्यातला, नाव नको, सगळे त्याला दादा म्हणतात तर इथेही दादाच. त्याला विचारूनच लिहितोय, "फक्त मला आळशी दाखवू नकोस" एवढी एक अट घातलीय त्याने. ती पाळणं सोपं आहे कारण तो आळशी नव्हताच, उलट नको तिथे जास्त मेहनत करत होता.

प्रोजेक्ट काय होता

दादाला असईची लढाई टेबलावर आणायची होती. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई नद्यांचं बेचकं, एका बाजूला शिंदे-भोसल्यांचं सैन्य आणि दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. ब्रिटिश वॉरगेमर लोकांना ही लढाई चांगली ठाऊक असते, मराठा फिगर तिकडे १५ एमएम आणि २८ एमएम दोन्हीत मिळतात, आणि आपल्याकडे मात्र असई कुठे आहे म्हटलं तर लोक आधी मोबाईल काढतात. दादाचं म्हणणं की हा गेम पुण्यात झालाच पाहिजे आणि मराठा बाजू आपल्याच हाताने रंगवलेली पाहिजे. ब्रिटिश बाजू माझ्याकडे आली.

फिगर घेतल्या १५ एमएमच्या, धातूच्या, म्हणजे पायापासून डोळ्यापर्यंत साधारण दीड सेंटीमीटर. आतेभाऊ इंग्लंडहून येताना सॉक्समध्ये गुंडाळून घेऊन आला. हिशोब असा की एक फिगर म्हणजे ५० माणसं. शिंद्यांचं कवायती पायदळ, म्हणजे पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या पलटणी, सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणी आणि ड्युपाँट नावाच्या युरोपियन अधिकाऱ्याची ब्रिगेड, हे सगळं मिळून १०,८०० च्या आसपास धरलं जातं, भागिले ५० केलं की २१६ फिगर. इथपर्यंत ठीक. पण घोडदळ धरतात ३० हजारांच्या वर, म्हणजे त्याच हिशोबाने सहाशे घोडे आणि त्यावर सहाशे स्वार! दादाने तेवढे मागवले नव्हते पण दोनशे मागवले होते, "बाकीचे दुसऱ्या खेपेला" म्हणून. वर बेकवायती पायदळ, तोफा, गोलंदाज, तोफा ओढणारे बैल. डबा उचलला तर हात खाली जायचा एवढं वजन.

अडलं कुठे

सुरुवात जोरात झाली. पहिली पलटण, बारा फिगर, त्याने नमुना म्हणून अगदी जीव ओतून रंगवली. डोळ्यांची बुबुळं, बंदुकीच्या दस्त्यावर दोन छटा, पगडीच्या प्रत्येक पिळाला हायलाइट, म्हणजे उंचवट्यावर उजळ रंग. खरंच सुंदर झाली होती. ती बघून त्याने ठरवलं की सगळं सैन्य असंच करायचं, पण वेळ वाचवायला असेम्ब्ली लाइनने. दादा प्रॉडक्शनमध्ये आहे, चाकणला, त्याच्या डोक्यात लाइनच येणार. उरलेल्या २०४ फिगर फाइलने घासून आइस्क्रीमच्या काड्यांवर चिकटवल्या, सगळ्यांना प्रायमर (रंग धरावा म्हणून पहिला थर), मग सगळ्यांचे कोट, मग सगळ्यांच्या पगड्या, मग सगळ्यांचे हात-तोंड. कागदावर हे एकदम बरोबर आहे, बाटली एकदाच उघडायची, ब्रश एकदाच धुवायचा, एका फिगरमागचा वेळ खरंच कमी होतो. फक्त एक गोष्ट कागदावर दिसत नाही, ती म्हणजे तीन महिने रोज रात्री बसून पूर्ण झालेल्या फिगर किती तर शून्य. २०४ अर्धवट माणसं काड्यांवर उभी, आणि पुढची पायरी कुठली तर छातीवरचे पांढरे पट्टे.

या पट्ट्यांबद्दल जरा सांगतो कारण प्रोजेक्ट मेला तो इथे. १५ एमएमच्या फिगरवर क्रॉसबेल्ट म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेघ. पांढरा रंग नेमका घट्ट असला तर गाठी होतात, पातळ केला तर खालचा कोट दिसतो म्हणून दुसरा हात, आणि जरा हात हलला की रेघ कोटावर जाते, मग परत कोटाचा रंग काढून ती चूक झाका. एका फिगरला दोन पट्टे, २०४ फिगर, आणि काडीवर शेजारच्याची बंदूक आडवी येते ते वेगळंच. दादा म्हणायचा की मी दोन काड्या संपवतो आणि मान वर करून बघतो तर टेबलावर काहीच फरक पडलेला दिसत नाही.

त्यातच जुलै आला. नमुन्याच्या बारा फिगर वार्निश करायच्या राहिल्या होत्या, त्याने बाल्कनीत उभं राहून स्प्रेने मॅट वार्निश मारलं, बाहेर पाऊस, हवेत दमटपणा मी म्हणतो, आणि सकाळी बघतो तर सगळ्या पलटणीवर पांढरट धुकं. याला फ्रॉस्टिंग म्हणतात. हवेतल्या ओलाव्यात वार्निश नीट बसत नाही आणि वरचा थर धुरकट होतो, पावसाळ्यात आपल्याकडे स्प्रे कॅन वापरणाऱ्यांना हा प्रसाद कधी ना कधी मिळतोच. (उपाय आहे, वरून ब्रशने ग्लॉस वार्निशचा एक हात मारला तर धुकं बरंचसं जातं, मग त्यावर ब्रशनेच मॅट. पण त्या सकाळी हे कुणाला सुचतंय.) पूर्ण झालेली एकमेव पलटण खराब झाली आणि बाकीची २०४ माणसं पट्ट्यांची वाट बघत उभी. डबा कपाटावर गेला.

पुढे जवळजवळ दीड वर्ष तो तिथेच होता. गंमत म्हणजे या काळात दादा छंदापासून लांब गेलाच नाही. रंगांच्या नव्या बाटल्या आल्या. युनिफॉर्मवर वाचन चालू, कुठल्या पलटणीची कॉलर कसली, झेंडा कसला, कोण म्हणतो असं कोण म्हणतो तसं. या छंदात बटणं मोजत बसणारी जमात असते आणि ती माहितीने खरंच श्रीमंत असते, पण वाचन हे रंगवण्यासारखं वाटतं आणि रंगवणं नसतं, हीच त्यातली मेख. रात्री इन्स्टावर गोल्डन डेमन स्पर्धेतल्या फिगर बघायच्या (ही स्पर्धा गेम्स वर्कशॉप १९८७ पासून घेतंय, तिथे लोक एका फिगरवर महिने घालवतात) आणि मग स्वतःच्या काडीकडे बघायचं. वहिनी एकदा म्हणाल्या, "हे सैन्य आहे की पागडीवरचे भाडेकरू, हलतच नाहीत."

अजून एक गोष्ट जी त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण त्यालाच ती कळली नव्हती. रंगवायला बसलं की वीस मिनिटांत कंटाळा यायचा, डोकं जड, "मूडच लागत नाही रे आजकाल". दादा चाळिशी ओलांडलेला, रात्री दहानंतर हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखाली बसून अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढतोय, आणि चाळिशी म्हणजे चष्मा लागलाय हे मान्य करायला तयार नाही. आपण ज्याला मूड म्हणतो त्यातला बराच भाग डोळे, मान आणि दिवा असतो असं माझं ठाम मत झालंय.

मग काय बदललं

सुरुवात रंगांनी झालीच नाही, नकाशाने झाली. एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो, आम्ही डबा खाली काढला, आणि रंगवण्याऐवजी जेवणाच्या टेबलावर लढाईचा नकाशा पसरून नुसतं बघत बसलो की खेळायला नक्की काय लागतं. वेलस्लीने नदीपलीकडे समोरासमोर दोन गावं बघितली आणि ताडलं की मध्ये उतार असणारच, तिथून तो पार झाला. पोलमनने त्याच्यासमोर अख्खी फळी नव्वद अंशात वळवली, भर लढाईच्या तोंडावर, जे वेलस्लीला अपेक्षितच नव्हतं. मग पायदळ आणि तोफा, आणि ७४वी हायलँडर पलटण असई गावाच्या तोफांसमोर भरकटली आणि जवळजवळ संपली. आणि ते तीसहजारी घोडदळ? बहुतेक सगळं बाजूला उभं राहिलं, ७४वीवर पडलं ते त्यातलं थोडंसं. मी म्हटलं दादा, जे घोडदळ १८०३ मध्ये लढलं नाही ते तू का रंगवतोयस? साठ ठेव टेबलाच्या कडेला, पुरे.

दोनशेतले एकशेचाळीस स्वार तिथेच बाजूला काढले आणि त्यांचा डबा मी माझ्या घरी घेऊन आलो. हे महत्त्वाचं होतं, कपाटावर ठेवून उपयोग नव्हता, डोळ्यासमोर असलेला ढीग मोजला जातोच. ढीग कमी करायला लोक फिगर विकतात, वाटतात, त्यात जीव तुटतो. इथे सिनॅरिओ, म्हणजे खेळायच्या लढाईची मांडणी, नीट वाचल्यावर ढीग आपोआप कमी झाला आणि वाईटही वाटलं नाही, कारण त्यामागचं कारण खरं होतं.

दुसरं, चष्मा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला, नंबर निघाला, आणि पांढऱ्या उजेडाचा एक एलईडी टेबल लॅम्प आणला. पुढच्या आठवड्यात फोन आला, "अरे मला पट्टे दिसतायत!" एवढा आनंद त्याला नव्या कारचा झाला नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे लाइन मोडली. २०४ ऐवजी बारा. बारा फिगर, एक पलटण, आणि ती बेसिंग (फिगरच्या पायाखालच्या तुकड्यावर, म्हणजे बेसवर, जमीन करणं) आणि वार्निशसकट पूर्ण होऊन शोकेसमध्ये गेल्याशिवाय पुढच्या बाराला हात लावायचा नाही. दादाने यावर बराच वाद घातला, त्याचा आक्षेप बरोबरही होता, बाराच्या लॉटमध्ये एका फिगरमागे वेळ जास्त जातो. पण आधी जो वेळ वाचत होता तो कुठे जात होता तर कपाटावर. बाराच्या लॉटमध्ये तेच पांढरे पट्टे एका बैठकीत संपतात, दुसऱ्या दिवशी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग), तिसऱ्या दिवशी बेस, आणि आठवडा-दोन आठवड्यांत एक अख्खी पलटण उभी. या माणसाला ताकद मिळायची ती संपलेल्या गोष्टीतून, आणि जुन्या पद्धतीत संपलेली गोष्ट दोन वर्षांनी मिळणार होती.

इथे एक गोष्ट त्याच्या बाजूने होती. काड्यांवरच्या सगळ्यांचे कोट, पगड्या, हात-तोंड आधीच झालेले, म्हणजे प्रत्येक पलटण अर्ध्यावरूनच सुरू होणार. २००६ मध्ये न्यून्स आणि ड्रेझ या दोघांनी एक प्रयोग छापला होता, कार वॉशच्या गिऱ्हाइकांना कार्ड दिली, काहींना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड आणि काहींना दहा शिक्क्यांचं पण दोन शिक्के आधीच मारलेलं, म्हणजे दोघांना आठच शिक्के लागणार. कोरं कार्ड पूर्ण केलं १९ टक्के लोकांनी, आधीच शिक्के मारलेलं ३४ टक्के लोकांनी. दादाला मी हे सांगितलं तर म्हणाला म्हणजे माझे ते तीन महिने फुकट नाही गेले ना. नाही गेले.

चौथं, दर्जा. नमुन्याची पलटण ज्या पातळीची होती ती पातळी सोडून द्यायची. १५ एमएमची फिगर टेबलावर तीन फुटांवरून बघतात, तिथून बुबुळं दिसत नाहीत, दिसतो तो पगडी-कोट-पट्टे यांचा रंग आणि बेस. मग ठरलं की तोंडाला खालचा एक रंग आणि तपकिरी वॉश, बस, हायलाइट फक्त पगडीला आणि तोही एकच. नव्याने करायच्या फिगरना, म्हणजे बेकवायती पायदळ वगैरे, वेगळी पद्धत, काळा प्रायमर, त्यावर करड्या-पांढऱ्याचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं) आणि वरून कॉन्ट्रास्ट पद्धतीचे पातळ रंग, जे गेम्स वर्कशॉपने २०१९ मध्ये आणल्यापासून सगळ्यांचे झालेत. रंगाच्या एकाच थरात सावली आणि उजेड दोन्ही मिळतात. पण दादासारख्या माणसाला नुसतं "कमी कर" म्हटलं तर तो गुदमरतो, त्याला बारीक काम आवडतंच. म्हणून प्रत्येक बाराच्या लॉटमध्ये एक लाडका ठेवायचा, हवालदार म्हणा, निशाणवाला म्हणा, त्याच्यावर पाहिजे तेवढा वेळ घाल, बुबुळं काढ, मिशा काढ. ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडली कारण मग उरलेल्या अकरांवर तो भराभर हात मारायला लागला, लाडक्यापर्यंत पोचायचं असायचं ना.

तोफा आणि काळी माती

नवीन पद्धतीचा पहिला लॉट पलटणीचा नव्हताच, गोलंदाजांचा होता. कारण नकाशा बघताना दादा ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलला ती ही: ब्रिटिश फळी तोफांवरून पुढे निघून गेली आणि मेल्याचं सोंग घेऊन पडलेले मराठा गोलंदाज उठले आणि त्याच तोफा वळवून त्यांच्याच पाठीवर डागायला लागले, वेलस्लीला ७८वी पलटण आणि ७वं नेटिव्ह (म्हणजे कंपनीचं हिंदी शिपायांचं) घोडदळ घेऊन मागे फिरावं लागलं. ज्या माणसांची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते ती माणसं आधी रंगवायची, पुस्तकातल्या क्रमाने जायचं काही कारण नाही. शंभराच्या आसपास तोफा होत्या, एका मॉडेलला आठ धरून बारा मॉडेल. त्यातल्या दोन तोफांना त्याने वेगळे बेस केले, आडवे पडलेले गोलंदाज, म्हणजे गेममध्ये "मेलेल्या" तोफेच्या जागी तो बेस ठेवायचा आणि नंतर फासा चांगला पडला तर उठवायचा. हे करताना मी त्याला जेवायला उठवलं तरी उठत नव्हता.

बेसचं प्रकरण वेगळंच झालं. इंग्लंडमधले लोक भारत म्हटला की बेस वाळवंटी पिवळा करतात, सरसकट. दादा म्हणाला जालन्यात सप्टेंबर महिन्यात पिवळं काय दिसणार, काळी माती, पाऊस झालेला, बाजरी-ज्वारी उभी. मग गच्चीतल्या कुंडीतली काळी माती चहाच्या गाळणीने गाळली, आणि ओलावा आणि किडे जावेत म्हणून तव्यावर भाजली. स्वयंपाकघरातल्या तव्यावर. त्याच्या आईंनी नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, "त्यात जिरं घालणार आहेस का?" तवा नवीन आणून द्यावा लागला. पण फेविकॉल पातळ करून त्यावर ती माती चिकटवली, थोडा करडा ड्रायब्रश, कडेला हिरवं स्टॅटिक ग्रास (मॉडेलवर लावायचं नकली गवत), आणि पहिली तोफ टेबलावर ठेवली तेव्हा ती खरंच मराठवाड्यात उभी असल्यासारखी दिसली. या एका गोष्टीने त्याचा हुरूप जेवढा वाढला तेवढा कुठल्या व्हिडिओने वाढला नसेल. मी तर म्हणतो की कुठलंही सैन्य अडलं असेल तर आधी एका फिगरचा बेस पूर्ण करा, बेसशिवाय फिगर कितीही छान रंगवली तरी अपुरीच दिसते.

वार्निश आता बारा महिने ब्रशनेच. स्प्रे बंद.

तारीख

जुनी तारीख होती २३ सप्टेंबर, लढाईचा दिवस, दिसायला छान पण वर्षभर लांब, आणि इतक्या लांबची तारीख कुणाला घाबरवत नाही. त्याऐवजी महिन्यातला शेवटचा रविवार, माझ्या घरी, छोटा गेम, आणि नियम एकच की न रंगवलेली फिगर टेबलावर येणार नाही. अशा नियमाला मोठ्या स्पर्धांतही आधार आहे, वॉरहॅमर ४०,००० च्या २०२० च्या नवव्या आवृत्तीत सैन्य ठराविक पातळीपर्यंत रंगवलेलं असेल तर १०० पैकी १० गुण त्याचेच ठेवले होते. आमच्याकडे गुण नाहीत, रंगवलं नसेल तर त्या पलटणीशिवाय लढ. पहिल्या गेमला दादाकडे फक्त चार तोफा आणि एक पलटण होती, माझी ७८वी त्यांच्यावर चालून आली, आणि नव्या रंगवलेल्या फिगर पहिल्याच गेममध्ये मरतात हा जगभरचा नियम तिथेही लागू झाला. पण दोन तासांचा गेम झाला, चहा झाला, आणि जाताना दादा म्हणाला पुढच्या वेळी तोफांना आडोसा द्यायला अजून एक पलटण पाहिजे. पट्टे रंगवायला यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही.

छोट्या सोयींपैकी एकच सांगतो, ट्रे. आधी रंगवायला बसायचं म्हणजे डबा काढ, वर्तमानपत्र पसर, बाटल्या शोध, पाणी आण, आणि झोपायच्या आधी सगळं परत आवर. अर्धा तास तयारीत. आता एका मोठ्या लाकडी ट्रेमध्ये चालू लॉटची काडी, तेवढेच सहा-सात रंग, दोन ब्रश आणि वेट पॅलेट. वेट पॅलेट म्हणजे झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, आपल्या एप्रिल-मेच्या हवेत त्याशिवाय रंग ब्रश फिगरपर्यंत पोचायच्या आत वाळतो, आणि झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही तोच मिसळलेला रंग वापरता येतो. ट्रे शोकेसखाली सरकतो. काढला की दोन मिनिटांत ब्रश हातात.

जे चाललं नाही

रोज रंगवायचंच अशी साखळी ठेवणारं एक ॲप त्याने लावलं होतं. गणपतीच्या दहा दिवसांत तुटली, आणि तुटलेली साखळी बघून पुढचे तीन आठवडे ॲपही बंद आणि ब्रशही बंद. नोकरी-घर-सण असलेल्या माणसाला रोजचा हट्ट झेपत नाही, आठवड्यातून दोन रात्री ठरलेल्या असल्या तर त्या टिकतात.

ग्रुपवर फोटो टाकायचं आम्ही ठरवलं होतं, त्याचाही उलटा परिणाम झाला. मोबाईल जवळ नेऊन काढलेल्या फोटोत १५ एमएमची फिगर पडद्यावर हाताएवढी दिसते आणि जो डाग डोळ्याला कधी दिसला नसता तो सगळ्यांना दिसतो, मग दादा परत बसून तो डाग दुरुस्त करणार. आता फोटो हात लांब करून, अख्ख्या पलटणीचा.

आणि लेक. तिला रंगवायचं होतं, दादा सुरुवातीला देईना, "माझं सैन्य आहे". बेकवायती पायदळाची वेळ आली तेव्हा मात्र त्यालाच कळलं की त्यांना युनिफॉर्म नाही, प्रत्येकाची पगडी वेगळ्या रंगाची पाहिजे, आणि मोठा माणूस मुद्दाम विस्कळीत रंग निवडायला बसला की तिसऱ्या फिगरपासून परत पॅटर्नच करतो. नऊ वर्षांची मुलगी करत नाही. तिने गुलाबी, पोपटी, जांभळा, सोनेरी, हाताला येईल ते मारलं, वरून दादाने एक तपकिरी वॉश दिला आणि गर्दी एकदम खरी दिसायला लागली. एका पगडीचे पाच रुपये घेतले तिने, उधार नाही.

आता कुठे आहे

मोठा गेम संक्रांतीनंतर झाला. १८ पलटणी, २१६ फिगर पूर्ण, त्यात ती धुकं बसलेली नमुन्याची पलटणही, ग्लॉस मारून वाचवलेली. बारा तोफा पूर्ण. पोलमनची फळी नव्वद अंशात वळवायला आम्हाला सहा बाय चार फुटांच्या टेबलावर पाऊण तास लागला, त्या माणसाने ते खऱ्या मैदानात केलं याचं कौतुक वाटलं. माझी ७४वी असईच्या तोफांसमोर इतिहासातल्यासारखीच गेली, आडवे पडलेले गोलंदाज दोन्ही वेळा उठले, आणि संध्याकाळी निकाल मराठ्यांच्या बाजूने.

राहिलं ते घोडदळ. साठपैकी छत्तीस झालेत आणि तिथे काम परत मंदावलंय, यावेळी कारण वेगळं आहे, दादाला माणसं रंगवायला आवडतात आणि घोडे आवडत नाहीत. एका स्वारामागे घोडा म्हणजे दुप्पट काम आणि सगळं तपकिरी. सध्या जुनी ऑइल पेंटची पद्धत करून बघतोय, घोड्याला खाली फिकट पिवळसर-तांबूस रंग, तो पूर्ण वाळला की वरून बर्न्ट अंबर ऑइल कलर फासायचा आणि स्पंजच्या तुकड्याने पुसून काढायचा, उंचवट्यावरचा निघतो, खाचेतला राहतो, आणि घोड्याच्या अंगावरची सावली आपोआप पडते. सहा घोडे एका बैठकीत होतात. वाळायला मात्र काही दिवस लागतात आणि टर्पेंटाइनच्या वासावरून घरात वेगळी चर्चा चालू आहे, त्यामुळे हे काम बाल्कनीत आणि पाऊस नसताना.

दरम्यान त्याने पुढची लढाई ठरवलीय, अडगाव, २९ नोव्हेंबर १८०३, विदर्भात, तेच दोन पक्ष. फक्त तिथे शिंद्यांच्या घोडदळाने खरोखर चाल केली होती, त्यामुळे माझ्याकडचा एकशेचाळीस स्वारांचा डबा त्याला परत पाहिजे. मी म्हटलंय आधी उरलेले चोवीस बेससकट दाखव, मग डबा, आणि तोही एकदम नाही, बारा-बाराने.